दस्ताची नोंद, मालकीची नव्हे : घरखरेदीच्या कागदांचा इतिहास

घराच्या किंवा भूखंडाच्या जुन्या वळणाच्या खरेदीखतात एक ओळ बहुधा भेटतेच. चतुःसीमा सांगून झाल्या की पुढे येते : 'येणेप्रमाणे मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.' म्हणजे पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, भूमिगत धन आणि पुरून ठेवलेली ठेव. दीड गुंठ्याच्या घराला हे सारे कशाला, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. लिहिणाऱ्याला बहुधा पडत नाही.

ही सप्तपदी मराठेशाहीच्या इनामसनदांतून जशीच्या तशी आली आहे. दक्षिणेतल्या विजयनगरकालीन दानपत्रांतही 'अष्टभोग' म्हणून तिचीच भावंडे दिसतात. गंमत अशी की 'निधी' हा शब्द लिहून आज काहीही साधत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक केले. कायदा बदलला, ओळ राहिली.

मित्रहो, आजचा धागा अशाच उरलेल्या ओळींविषयी आहे. घर घेताना किंवा विकताना फाइल फुगत जाते आणि महिने उलटत जातात. तो सारा दप्तरदिरंगाईचा खेळ आहे, असे आपण मानतो. दिरंगाई असतेच. पण त्या फाइलीतला जवळजवळ प्रत्येक कागद एका जुन्या प्रश्नाचे अपुरे उत्तर आहे. प्रश्न एकच : विकणारा खरोखर मालक आहे, हे सांगणार कोण?

शिवकाळात आणि पेशवाईत याचे उत्तर होते : गाव. वतनाचा, जमिनीचा किंवा घराचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. एका बाजूला गोत, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते. दुसऱ्या बाजूला दिवाण, म्हणजे सरकारी अधिकारी. निर्णयाचा जो कागद होई तो महजर. अक्षरशत्रू साक्षीदार आपल्या धंद्याचे चिन्ह काढत : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. महजरांखालच्या त्या नांगरांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको की तिथे कागद दुय्यम होता. पुरावा म्हणजे त्या बसलेल्या माणसांची स्मृती; कागद फक्त तिची आठवण.

निवाडा होताच पैसेही द्यावे लागत. जिंकणाऱ्याने हरकी द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे सरकारचा वाटा तेव्हाही ठरलेला होता, फक्त त्याला मुद्रांक शुल्क म्हणत नसत.

शहरात मात्र गोतसभेचे चालेना. पेशव्यांचे पुणे वाढले, परगावचे सावकार, कारकून, शिलेदार येऊन राहिले. कोण कोणाचा, हे सांगणारे गोत उरले नाही. म्हणून शहरातल्या जमिनी-घरांच्या खरेदी-विक्रीची दखल घेणे आणि त्यावरील सरकारी फी वसूल करणे हे काम कोतवालाकडे होते. आज ज्याला दुय्यम निबंधक म्हणतात, त्याचा हा पूर्वज. घाशीराम कोतवालाला आपण १७९१ च्या त्या भीषण अखेरीमुळे ओळखतो. पण त्याच्या पदाच्या कामांत गस्त, बाजारभाव आणि जागेचे तंटे यांच्या जोडीला घरांचे व्यवहारही होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

मुंबईची कथा याहून वेगळी आहे. बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आले आणि जुन्या जमीनधारकांच्या हक्कांवर सावट आले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने १६७२ मध्ये रहिवाशांशी करार केला, १६७४ मध्ये तो कायम झाला. रहिवाशांनी वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावायचा नाही. 'पेन्शन अँड टॅक्स' हा मुंबईच्या दप्तरातला चमत्कारिक वाटणारा धारणाप्रकार याच कराराचे अपत्य आहे. निवृत्तिवेतनाशी त्याचा काही संबंध नाही. एका शहराने रोख मोजून मालकीची शाश्वती विकत घेतली, असे या कराराचे वर्णन मी करीन. अशी शाश्वती आपल्याकडे पुढे कधीच मिळाली नाही, म्हणून तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता कंपनी सरकारच्या दोन निर्मितींकडे वळू. त्यांची गल्लत आजही सर्रास होते.

पहिली मुद्रांक. कल्पना मूळची डच : १६२४ मध्ये नेदरलँड्सने ती राबविली, १६९४ मध्ये इंग्लंडने उचलली, १७९७ मध्ये कंपनीने बंगालात आणली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील अठराव्या विनियमाने तिची घडी बसविली. मुद्रांक हा कर आहे, पुरावा नव्हे. 'स्टँपपेपरवर लिहून घेतले आहे' हे वाक्य आपल्याकडे ब्रह्मवाक्यासारखे उच्चारले जाते, पण त्याचा अर्थ एवढाच की सरकारला पैसे पोचले आहेत. मुद्रांक नसला किंवा अपुरा असला तर न्यायालय तो दस्त पुराव्यात घेत नाही, ही त्यामागची सक्ती.

दुसरी निर्मिती नोंदणी. १८६४ च्या सोळाव्या कायद्याने स्थावर मिळकतीच्या ठरावीक दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. पुढे १८६६, १८७१, १८७७ अशी आवर्तने होत १९०८ चा कायदा आला; तोच अजून चालू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाने सांगितले की १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होईल, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुंबई इलाख्याला हा कायदा १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. १०० रुपयांचा तो आकडा मूळ कायद्यात अजून तसाच आहे.

आणि इथेच मुख्य गोम आहे. नोंदणी दस्ताची होते, मालकीची नव्हे. निबंधक पाहतो ते इतकेच : लिहून देणारा समोर आहे का, त्याची ओळख पटली का, दस्त केल्याचे तो कबूल करतो का, शुल्क भरले का, वेळेत आणला का. मुदत चार महिन्यांची. चुकल्यास दंड भरून आणखी चार. २००१ च्या दुरुस्तीने छायाचित्रे आणि बोटांचे ठसेही आले. परंतु 'ही मिळकत या माणसाची आहे' असे प्रमाणपत्र तो देत नाही, कायद्याने त्याच्याकडून ते मागितलेलेही नाही. आयुष्याची कमाई ओतून माणूस घर घेतो, शिक्के पाहून निश्चिंत होतो, आणि ते शिक्के त्याच्या मुख्य शंकेविषयी मौन बाळगून असतात.

दुसरा मार्ग जगात नव्हता असे नाही. ॲडलेडमध्ये जकात अधिकारी म्हणून काम केलेल्या रॉबर्ट टॉरेन्सने, जहाजांच्या मालकीचे रजिस्टर असते तसे जमिनीचे का नसावे, हा विचार पुढे रेटला आणि १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात तसा कायदा झाला. रजिस्टरात नाव असेल तो मालक. सरकारच्या चुकीने कोणाचे नुकसान झाले तर हमी निधीतून भरपाई. म्हणजे आपल्याकडचा १८६४ चा कायदा होण्याआधी सहा वर्षे हा नमुना साम्राज्यातच उपलब्ध होता. तो इथे आला नाही. प्रत्येक मिळकतीची चौकशी करून हमी घेणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. दस्त नोंदवून शुल्क घेणे सोपे होते.

हमी सरकारने घेतली नाही, म्हणून ती खरेदीदाराला स्वतः गोळा करावी लागते. वकील तीस वर्षांचा 'शोध' घेतो तो यासाठी. तीसच का? १९०८ च्या मुदत कायद्यात गहाण सोडविण्याच्या आणि सरकारने लावायच्या दाव्यांना ६० वर्षे होती. १९६३ च्या कायद्याने ती ३० केली. शिवाय तीस वर्षे जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर तो खरा मानण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात आली. तीस वर्षांमागचे भूत सहसा उठत नाही, असा हा व्यावहारिक हिशेब. त्यासाठी निबंधक कार्यालयातली 'सूची क्रमांक २', लोकांच्या बोलीत 'इंडेक्स टू', वर्षामागून वर्ष चाळावी लागते. गेल्या दोनेक दशकांतल्या नोंदी संगणकावर मिळतात. त्याआधीच्या बाडांची पाने जीर्ण, काही फाटलेली. त्या फाटक्या पानांवर काय होते, ते वकिलाच्या अहवालातही येत नाही.

मग जाहीर नोटीस. 'आमच्या अशिलांनी खालील वर्णनाची मिळकत खरेदी करण्याचे ठरविले आहे. कोणाचा गहाण, दान, बक्षीस, पोटगी, अन्नवस्त्र असा काही हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवावे.' वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील ही बारीक अक्षरातली चौकट मला नेहमी गोतसभेची आठवण करून देते. गावाला हाक घातली आहे, पण गाव ऐकत नाही.

गावातल्या जमिनीला ही हाक अजून चावडीवर घातली जाते. खरेदीनंतर फेरफाराची नोंद घेताना तलाठ्याने नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि संबंधितांना कळवायचे, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे. हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, हरकत आली तर सुनावणी, आणि मग किती महिने ते कोणी सांगू नये. सातबारावर नाव चढले तरी ती नोंद 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी' एवढीच असते. मूळ उद्देश सारावसुलीचा. मालकीचे ओझे तिच्यावर नंतर आपण लादले.

भाऊबंदांची संमती हा आणखी एक जुना धागा. खरेदीखतात लिहून देणार आणि लिहून घेणार यांच्या खाली 'मान्यता देणार' असा तिसरा रकाना येतो. पूर्वी तिथे भाऊ असत. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोडपत्रे आवश्यक झाली. 'या सह्यांनी व्यवहार अडतो' अशी कुरकूर ऐकू येते. अडू द्यावा. वारसांच्या यादीतून बहीण गाळलेली आहे, हे खरेदीदाराला व्यवहाराआधी कळलेले बरे.

या साऱ्या फेऱ्यांना कंटाळून लोकांनी आडवाटा काढल्या. सर्वांत लोकप्रिय आडवाट म्हणजे कुलमुखत्यारपत्र : खरेदीखत करायचे नाही, नुसता अधिकार लिहून घ्यायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले की अशा कागदाने मालकी जात नाही. दुसरी वाट सरळ गुन्ह्याची. तेलगीचे बनावट मुद्रांक हे प्रकरण ठाऊक नसलेला वाचक इथे विरळा. २००१ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे कागदी मुद्रांकाऐवजी फ्रँकिंग व ऑनलाइन भरणा रूढ होत गेले.

सदनिकांबाबत तर प्रश्न दुपटीने अवघड आहे, कारण भिंती एकाच्या आणि जमीन दुसऱ्याची. फसवणुकी वाढल्यावर महाराष्ट्राने १९६३ मध्ये सदनिकांचा स्वतंत्र कायदा केला : वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्याआधी नोंदणीकृत करार हवा, आणि संस्था स्थापन झाल्यावर नियमाप्रमाणे चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण. पहिले बव्हंशी पाळले गेले. दुसऱ्याकडे हजारो विकासकांनी पाठ फिरविली, कारण जमीन आपल्या नावे राहिली तर वाढीव चटईक्षेत्राचा लाभ आपला. शेवटी २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' आणावे लागले : विकासक सही करीत नसेल तर सक्षम अधिकारी त्याच्या अनुपस्थितीत आदेश देईल. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आगाऊ रकमेची मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. इमारत मोडकळीस येऊन पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात तेव्हाच अनेक संस्थांना प्रथम कळते की मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचे नाव आहे, आणि तो कधीच निवर्तला आहे.

टॉरेन्सचा विचार पुन्हा दारात आलेला आहे. २००८ च्या केंद्रीय भूमिअभिलेख कार्यक्रमाने निर्णायक मालकीहक्क हे ध्येय ठेवले. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींसाठी कायदा केला. आंध्र प्रदेशाचा कायदा मात्र प्रखर विरोधानंतर २०२४ मध्ये रद्द झाला. ज्या दप्तरावर विश्वास नाही तेच दप्तर अंतिम ठरणार, ही भीती त्या विरोधात होती, आणि ती मला अनाठायी वाटत नाही.

तूर्त घरातली जुनी पेटी उघडून पाहा. आजोबा-पणजोबांच्या काळातले खरेदीखत निघाले तर ते बहुधा मोडीत असेल. तीस वर्षांपलीकडचा वाद न्यायालयात गेला की असे कागद लिप्यंतरासाठी मोडी वाचकाकडे जातात, आणि चांगले मोडी वाचक मोजके असल्याने तिथेही रांग असते. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. इथले बरेच जण ती लिपी शिवकालीन पत्रांच्या ओढीने शिकतात. शिकल्यावर त्यांच्याकडे पहिला कागद येतो तो मात्र कोणाच्या तरी पडक्या वाड्याच्या चतुःसीमांचा.