बेडकीचा पाला आणि गालेगा : दोन पानांची गोष्ट

आपल्यापैकी कुणी बेडकीचा पाला चघळून पाहिलाय का? हिंदीत त्यालाच गुडमार म्हणतात. पान चघळायचं आणि लगेच साखर तोंडात टाकायची. ती वाळूसारखी लागते! १८४७ च्या सुमारास एजवर्थ यांनी ही गंमत नोंदवली. १८८७ मध्ये डेव्हिड हूपर यांनी उटकमंडला या पानातून जिम्नेमिक आम्ल वेगळं काढलं.

घोटाळा इथेच होतो. जिभेवरची गोडी गेली, म्हणजे रक्तातलीही जाणार, असं आपण सहज धरून चालतो. हे आम्ल जिभेवर गोड चव ओळखणारी जागा काही काळ अडवतं, एवढंच. रक्ताचा प्रश्न वेगळा. १९२८ मध्ये कलकत्त्याला चोप्रांनी आणि १९३० मध्ये मुंबईत म्हसकर आणि कायस यांनी तो तपासला, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत.

आता दुसरं पान बघू. युरोपातली गालेगा ही वनस्पती. गुरांचं दूध वाढावं म्हणून शेतकरी ती चारायचे, पण मेंढ्यांना तिची विषबाधाही व्हायची. तिच्यातलं द्रव्य गॅलेगीन, ग्वानिडीनच्या कुळातलं. १९१८ मध्ये दिसून आलं की ग्वानिडीनने सशांच्या रक्तातली साखर उतरते. पण ते विषारी. गॅलेगीन रोग्यांवर वापरून पाहिलं, तेही टिकलं नाही. १९२६ मध्ये सिंथॅलीन हे औषध आलं. साखर उतरायची, पण यकृताला इजा व्हायची. ते मागे पडलं.

गंमत अशी, की याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्येच डब्लिनला वर्नर आणि बेल यांनी प्रयोगशाळेत तयार केलं होतं. त्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा रोग्याला टोचलं गेलं. मग या भुकटीकडे कोण बघणार? १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर झाँ स्टेर्न यांनी ती मधुमेहींना देऊन पाहिली. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं, आणि १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या, अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासाने तिचा फायदा दाखवला.

म्हणजे बघा, मेटफॉर्मिन गालेगाच्या पानात नाही. पानाने फक्त वाट दाखवली. त्या वाटेवर विष वेगळं करावं लागलं, मात्रा ठरवावी लागली, वर्षानुवर्षं माणसं तपासावी लागली.

हे आज का सांगायचं? कारण आपल्याच घरात कुणीतरी गोळ्या बंद करून रस सुरू करतं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांनी ते थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेततं. आपण पाल्याला नावं ठेवत नाही. 'झाडाचं आहे, म्हणून निर्धोक' या समजुतीला मात्र ठेवतो. गालेगा झाडच होतं, आणि मेंढ्या त्यानेच मेल्या.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी पाला सुचवला, तर आपण तीन गोष्टी विचारू : किती मात्रा, कुणावर तपासलं, आणि किती वर्षं?