आयपी पत्त्यांची टंचाई व आयपीव्ही६

इंटरनेटवर माहितीची पाकिटे योग्य ठिकाणी पोहोचावीत म्हणून प्रत्येक जोडणीला दिलेला क्रमांक म्हणजे आयपी पत्ता. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या, सप्टेंबर १९८१ च्या आयपीव्ही४ मानकात तो ३२ बिटांचा आहे. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. खासगी, मल्टिकास्ट व राखीव गट वगळता वाटपाला उरतात ते याहून बरेच कमी.

वाटप : सुरुवातीला हात सढळ होता. एमआयटीसारख्या एकेका संस्थेला १,६७,७७,२१६ पत्त्यांचा अख्खा गट मिळाला. (न वापरलेल्या पत्त्यांचा मोठा हिस्सा विकण्याचे एमआयटीने २०१७ मध्ये जाहीर केले.) १९९३ मध्ये गटांचे ठरावीक आकार रद्द होऊन गरजेपुरते वाटप सुरू झाले. तरी ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयाना या मध्यवर्ती व्यवस्थेने शेवटचे पाच मोठे गट पाच विभागीय नोंदणी संस्थांना एकेक असे देऊन टाकले. आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक त्याच वर्षी १५ एप्रिलला अखेरच्या गटावर आली आणि प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते अशी मर्यादा पडली. उत्तर अमेरिकेचा साठा २४ सप्टेंबर २०१५ ला, युरोपचा २५ नोव्हेंबर २०१९ ला संपला. दरम्यान पत्त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली होती: २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले.

नॅट : अनेक उपकरणांनी एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेण्याची ही युक्ती (१९९४) टंचाईवरचा तात्पुरता उपाय म्हणून आली आणि कायमची झाली. तिच्यामुळे संगणकांमधला थेट संपर्क तुटतो. इंटरनेटच्या मूळ रचनेचे हे गंभीर नुकसान आहे. ती सुरक्षेची भिंत ठरते का, याबद्दल मतभेद आहेत.

आयपीव्ही६ : स्टीव्ह डीअरिंग व रॉबर्ट हिंडेन यांनी डिसेंबर १९९५ मध्ये मांडलेली रचना १९९८ मध्ये सुधारली गेली, जुलै २०१७ मध्ये तिला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे संख्या सुमारे ३४ वर ३७ शून्ये. चारनंतर एकदम सहा, कारण पाच हा आवृत्ती क्रमांक एका प्रायोगिक प्रणालीकडे आधीच गेला होता. नवी आवृत्ती जुनीशी थेट बोलू शकत नाही. स्थलांतर रेंगाळण्याचे मुख्य कारण हेच. दोन्ही आवृत्त्या शेजारी चालवाव्या लागतात किंवा मध्ये भाषांतराची सोय करावी लागते.

सुरक्षा : आयपीव्ही६ मध्ये आयपीसेक या पाकिटे सुरक्षित करणाऱ्या प्रणालीची पूर्वी असलेली सक्ती २०११ मध्ये शिफारशीवर आली.

भारत : दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये स्थलांतराचा आराखडा काढला. खरी गती आली ती सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याने, कारण ते आरंभापासून आयपीव्ही६ वर उभे होते. या आवृत्तीच्या वापरात भारत आज जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे.

१ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट एकाच दिवशी टीसीपी/आयपीवर गेले होते. आयपीव्ही४ बंद करण्याची अशी कोणतीही तारीख ठरलेली नाही.