सहा खोपट्या, तीन छपरे

१९०५ नंतर मुंबईत प्लेगचा अभ्यास करणाऱ्या आयोगाने सहा लहान खोपट्या बांधल्या. त्यांच्यात फरक होता फक्त छपरांचा. दोन खोपट्यांवर गावठी नळीची कौले, दोनांवर सपाट कौले आणि उरलेल्या दोनांवर पन्हाळी पत्रा. छपराखाली तारेची जाळी ताणलेली. तिच्यामुळे उंदीर किंवा त्यांच्या लेंड्या खाली पडणार नव्हत्या, पिसवा मात्र पडणार होत्या. नळीच्या कौलांत उंदरांनी खुशाल बिऱ्हाड थाटले, सपाट कौलांत त्याहून कमी, आणि पत्र्यात त्यांना शिरायला वावच नव्हता. मग खाली निरोगी गिनी पिगांमध्ये प्लेग झालेले गिनी पिग सोडले. जिथे पिसवा जास्त, तिथे रोग जास्त पसरला. पत्र्याखाली पिसवा नव्हत्या तोवर तो पुढे सरकलाच नाही. जमिनीपासून दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी वाचला, दोन इंचांवरच्याला लागण झाली. या प्रयोगाने पिसवेवरचा आरोप सिद्ध झाला आणि ते जगाने मानले. पण त्याच प्रयोगात छपराचीही साक्ष होती, आणि तिच्याकडे पुढे फारसे कुणी वळून पाहिले नाही. उंदरांचा प्रश्न मुळात घराच्या बांधणीचा आणि धान्य ठेवण्याच्या जागेचा आहे. आपल्या शहरांनी तो उंदीर मारण्याचा करून टाकला.

१८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मांडवीत. बंदराला लागून असलेल्या या वस्तीत धान्याची गोदामे होती, आणि त्यांच्या आजूबाजूला, माथ्यावर दाटीवाटीने माणसे राहत होती. उंदराला याहून सोयीची जागा कोणती? तरीही सरकारी उपायांचा रोख उंदरावर नव्हता. गटारांत कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडले गेले, उजेड यावा म्हणून घरांची कौले काढली गेली, आजारी माणसांना बळजबरीने इस्पितळात हलवले गेले. पुण्यात याच सक्तीतून १८९७मध्ये प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. खेड्यापाड्यांतल्या लोकांना मात्र एक गोष्ट अनुभवाने कळली होती. घरात उंदीर पडला, म्हणजे मरून पडला, की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालायच्या. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत पिसवेचा दुवा दाखवला, पण त्या वेळच्या प्लेग आयोगाने त्यांचे म्हणणे बाजूला सारले. नंतरच्या आयोगाला तेच खोपट्या बांधून पुन्हा सिद्ध करावे लागले.

त्यानंतर सुरू झाली ती मेलेल्या उंदरांची मोजदाद. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे कामगार आजही हातात काठी आणि विजेरी घेऊन घरगल्ल्यांत उतरतात, आणि एका रात्रीत ३० उंदीर मारावेत अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. दोन इमारतींमधल्या त्या अरुंद बोळात वरच्या खिडक्यांतून फेकलेल्या कचऱ्यात पाय रोवून उभे राहायचे, हे काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-सात पिल्ले सहज होतात, आणि ती तीनेक महिन्यांत स्वतः वीण करू लागतात. बोळातला कचरा तसाच राहिला तर मारलेल्यांची जागा भरायला वेळ लागत नाही. यावर कुणी म्हणेल, उंदीर मारूनच तर प्लेग गेला. ते पूर्ण खरे नाही. मुंबईतल्या उंदरांमध्येच प्लेगविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढल्याचे त्या काळच्या संशोधकांना आढळले होते. साथ ओसरण्यामागे कारणे अनेक होती. मारलेले उंदीर प्रयोगशाळेत तपासल्याने रोगाचा माग लागतो, हे मात्र मान्य करायला हवे. साथीच्या काळात मारणेही अटळ असते. आक्षेप आहे तो त्यालाच उपाय मानण्यावर.

माझ्या म्हणण्यावरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरांच्या बांधणीत हात घातला की गरिबांची घरे पडतात. मुंबईत १८९८मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रस्ते रुंद केले, चाळीही बांधल्या. पण पाडलेल्या घरांतली कितीतरी माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत कोंबली गेली. म्हणून पाडापाडी हे उत्तर नव्हेच. पाइपाभोवतीचे भोक जाळी आणि सिमेंटने बुजवणे, घरगल्ली रोज साफ होणे, दुकानातली पोती जमिनीवरून आणि भिंतीपासून लांब ठेवणे, ही कामे त्या मानाने लहान आहेत. अडते ते ती करायची कुणी यावर. पागडीच्या खोलीचे भाडे इतके कमी की मालक दुरुस्तीला हात लावत नाही, आणि भाडेकरूच्या एकट्याच्या हातात सामाईक भिंत नसते. त्यामुळे तो आपल्या हातात आहे तेवढे करतो: पिंजरा लावतो.

घर आणि धान्य यांचा हा संबंध अलीकडेही दिसला, तोही मुंबईपासून दूर. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यातले पुष्कळ लोक भीतीने घराबाहेर झोपू लागले, पण धान्य घरातच राहिले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला. माणूस बाहेर आणि धान्य आत, अशा घरांत उंदीर माजले, असे त्याचे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. जुन्या काळी लोक प्लेगला भिऊन माळावर गेले असते, या वेळी ते भूकंपाला भिऊन अंगणात झोपले होते, आणि मागे बंद दाराआड पोती तशीच उभी होती.