गोधडीची संहिता

सुझन सोंटॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ या ग्रंथात आजाराला रूपकांच्या जाचातून सोडविण्याची मागणी केली. १९८९ साली एड्सच्या संदर्भात तीच मांडणी त्यांनी पुढे नेली. मात्र त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोत घडलेल्या एका सामूहिक कलाकृतीने रूपक नाकारले नाही. ते रचण्याचा अधिकार रुग्णांकडे आणि त्यांच्या आप्तांकडे आणला.

नोव्हेंबर १९८५ मधील स्मृतिमोर्चात क्लीव्ह जोन्स यांच्या सूचनेवरून एड्सने दगावलेल्यांची नावे फलकांवर लिहून सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवण्यात आली. जोन्स यांना ती भिंत गोधडीसारखी भासली. त्यातून १९८७ साली ‘नेम्स प्रोजेक्ट’ उभा राहिला. प्रत्येक मृतासाठी ३ बाय ६ फुटांचा, म्हणजे थडग्याच्या मापाचा, कापडी तुकडा आणि असे आठ तुकडे जोडून १२ फुटी चौकोन, अशी रचना ठरली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये १,९२० तुकडे प्रथमच अंथरले गेले.

या रचनेला एकच कर्ता नाही. मृताचे सदरे, पत्रे, खेळणी यांतून आई, जोडीदार, मित्र आपापला तुकडा शिवतात. काही रुग्णांनी स्वतःचा तुकडा जिवंतपणीच शिवला. काही तुकड्यांवर केवळ पहिले नाव आहे. कुटुंबाला वाटणारी लोकापवादाची भीतीही अशा रीतीने संहितेत नोंदली गेली. परस्परांना अनोळखी असलेले आठ मृत एकाच चौकोनात शेजारी होतात. परस्परावलंबन हा येथे निव्वळ आशय नाही, ते रूपच आहे.

शोकामुळे लढाऊपणा बोथट होतो, असा संशय तेव्हाच्या चळवळीत होता. डग्लस क्रिम्प यांनी १९८९ साली या दोहोंतील विरोध अमान्य केला. गोधडीचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो: राजधानीत अंथरलेला खाजगी शोक हा शासनाच्या अनास्थेवरचा आरोपही होता.

१९९६ नंतर संयुक्त औषधोपचारांनी, जेथे ते पोहोचले तेथे, एड्स हा दीर्घकालीन आजार बनला. गोधडी मात्र संपली नाही. आज तिच्यात सुमारे ५०,००० तुकडे आहेत. जुने कापड विरते, टाके उसवतात, ते पुन्हा घालावे लागतात. मृतांसाठी सुरू झालेली शुश्रूषा आता त्यांच्या वस्त्रांची चालू आहे. कलाकृती ‘पूर्ण’ असावी, हा समीक्षेचा निकष येथे अपुरा पडतो.