जनक प्रक्रियेचे उत्तरदायित्व : डेस्कटॉप प्रणालीतील अपत्य प्रक्रियांचा ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

मुंबईच्या कापडगिरण्यांना व कारखान्यांना प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज भासू लागली, त्या काळात म्हणजे १८८७ मध्ये भायखळा येथे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जी संस्था एके काळी माग आणि यंत्रे यांचे शिक्षण देत होती, तेथे आज संगणकशास्त्रही शिकवले जाते. विषय बदलला, तरी एक प्रश्न मात्र दोन्ही युगांना समान आहे. तो असा, की कामाला लावलेल्याची नोंद कोणी ठेवायची आणि त्याच्याबद्दल उत्तरदायी कोणी राहायचे?

संगणकात चालू अवस्थेत असलेल्या प्रोग्रामला 'प्रक्रिया' म्हणतात. एका प्रक्रियेने दुसरी सुरू केली, की पहिली 'जनक' आणि दुसरी 'अपत्य' ठरते. या नात्यातील जबाबदारी कसकशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२. 'फोर्क'चा उगम

एका प्रक्रियेतून दुसरी फुटावी ही कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ च्या एका शोधनिबंधात 'फोर्क' या नावाने मांडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील 'जीनी' प्रकल्पात ती प्रत्यक्षात आली. केन थॉम्पसन हे बर्कलीचेच विद्यार्थी. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्सची पायाभरणी करताना त्यांनी हीच कल्पना स्वीकारली. पीडीपी-७ या लहानशा संगणकावर फोर्कसाठी असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या, असे डेनिस रिची यांनी नोंदवले आहे.

त्याच लेखात रिची यांनी एक बोधप्रद प्रसंग सांगितला आहे. फोर्क आल्यावर डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा एकाएकी निकामी झाली. कारण ती आता अपत्य प्रक्रियेत पार पडत होती. अपत्याची डिरेक्टरी बदले, लगेच अपत्य संपे आणि जनक होता तेथेच राही. शेवटी ती आज्ञा शेलने स्वतःच पार पाडावी, असे ठरवावे लागले. अपत्याच्या अवस्थेतील बदल जनकाकडे आपोआप येत नाही, हा धडा संगणकशास्त्राला येथे मिळाला.

३. प्रतीक्षेचा करार

युनिक्सची रीत तीन पायऱ्यांची आहे. 'फोर्क'ने जनकाची प्रतिकृती तयार होते. 'एक्झेक'ने त्या प्रतिकृतीत नवा प्रोग्राम बसवला जातो. 'वेट'ने जनक अपत्याच्या समाप्तीची वाट पाहतो व तिचा निकाल नोंदवून घेतो. जनकाने हा निकाल घेतलाच नाही, तर संपलेल्या अपत्याची नोंद प्रक्रियांच्या कोष्टकात तशीच पडून राहते. तिला 'झोंबी' म्हणतात. उलट जनक आधी संपला, तर पोरके झालेले अपत्य 'इनिट' या आद्य प्रक्रियेच्या पदरी जाते.

१९७३ मध्ये डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहातून 'पाइप' आला आणि एका प्रक्रियेचे उत्पादन दुसरीला पुरवणे सुलभ झाले. ही सारी रचना टर्मिनलच्या काळातील होती. आज्ञा पूर्ण होईपर्यंत शेलला सहसा दुसरे काम नसे. साहजिकच वाट पाहणे हा त्या काळी दोष नव्हता.

४. डेस्कटॉपचा पेच

खिडक्या आणि माऊस असलेल्या डेस्कटॉप प्रणालीत हे गृहीतक कोलमडले. येथे जनक प्रक्रिया वापरकर्त्याच्या प्रत्येक क्लिकला बांधलेली असते. ती अपत्याची वाट पाहत थांबली, तर खिडकी गोठते. पाइपचेही तसेच आहे. लिनक्समध्ये पाइपची प्रचलित क्षमता ६४ किलोबाइट आहे. पाइप भरला आणि जनकाने तो वाचला नाही, तर अपत्य लिहिता लिहिता थांबते. त्याच वेळी जनक अपत्याच्या समाप्तीची वाट पाहत असेल, तर दोघेही कायमचे अडकतात.

यावर उपाय टप्प्याटप्प्याने आले. १९९३ च्या विंडोज एनटीने प्रतिकृती न करता थेट नवी प्रक्रिया निर्माण करण्याची पद्धत ठेवली. तथापि जनक संपला म्हणून अपत्य संपत नसे. विंडोज २००० मधील 'जॉब ऑब्जेक्ट'ने अनेक प्रक्रियांचा गट बांधून तो एकत्र नियंत्रित करण्याची सोय दिली. पायथन भाषेत २००४ मध्ये 'सबप्रोसेस' हे मॉड्यूल आले. २००८ मध्ये गूगल क्रोमने संकेतस्थळांचे काम वेगवेगळ्या प्रक्रियांत विभागून एका पानाच्या बिघाडाने सारा ब्राउझर कोसळू नये, अशी व्यवस्था केली. लिनक्समध्ये २०१२ पासून एखादी मधली प्रक्रियाही आपल्या वंशातील पोरक्या प्रक्रियांचे पालकत्व घेऊ शकते.

५. मुंबईतील एक उदाहरण : ई-सिम

पवई येथील आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पात विकसित झालेली 'ई-सिम' ही मुक्त प्रणाली या संदर्भात अभ्यासनीय आहे. विद्युत मंडलांचा आराखडा काढणे व त्यांचे वर्तन तपासणे यासाठी ती वापरली जाते. पायथनमध्ये लिहिलेली तिची खिडकी आराखड्यासाठी 'किकॅड' आणि गणनेसाठी 'एनजीस्पाइस' या स्वतंत्र प्रोग्रामना कामाला लावते. यांपैकी एनजीस्पाइसचे मूळ बर्कलीच्याच 'स्पाइस'मध्ये आहे.

अशा प्रणालीची खरी कसोटी ती बंद होताना लागते. सुरू केलेल्या प्रक्रियांची नोंद नसेल, तर खिडकी मिटते पण गणना मागे चालूच राहू शकते. प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर त्याचा भार पुढच्या विद्यार्थ्याला सोसावा लागतो. प्रक्रिया एकदम ठार करणेही घातक असते. अर्धवट लिहिलेली फाइल त्यामुळे वाया जाऊ शकते. म्हणून आधी थांबण्याची विनंती, मग मर्यादित प्रतीक्षा आणि अखेरीस सक्ती, हा क्रम इष्ट ठरतो.

६. गिरणगावातील समांतर अनुभव

परळ-लालबागच्या गिरण्यांत कामगारांची भरती व बदली प्रामुख्याने जॉबरच्या हाती असे. कोण कामावर आहे, हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली नियंत्रण योजना आणली. बदली कामगारांची नोंद गिरणीकडे ठेवून जॉबरचा भरतीवरील ताबा सैल करणे, हा तिचा एक हेतू होता. माणसांचे हक्क आणि यंत्रातील प्रक्रिया यांची तुलना अर्थातच मर्यादित आहे. तरीही नोंदीची जबाबदारी मध्यस्थाकडून संस्थेकडे जाणे, हे वळण दोन्हीकडे दिसते. जॉब ऑब्जेक्ट किंवा पोरक्या प्रक्रियांचे पालकत्व यांमागे हाच विचार आहे. जनक विसरला किंवा कोसळला, तरी व्यवस्थेने हिशेब ठेवला पाहिजे.

७. समारोप

अपत्य प्रक्रियांचा इतिहास हा निर्मितीच्या सुलभतेकडून समाप्तीच्या जबाबदारीकडे झालेला प्रवास आहे. प्रक्रिया सुरू करणे २७ ओळींत साधले, पण तिचा शेवट नीट करण्याच्या सोयी पुढील चार दशके येतच राहिल्या. प्रात्यक्षिकात फोर्क आणि वेट यांवर थांबणारा विद्यार्थी हा प्रवास अर्ध्यावरच सोडतो. गोठलेली खिडकी, भरलेला पाइप आणि पोरकी प्रक्रिया ही तिन्ही त्याला प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून दाखवता येतील. सुरू केलेल्या कामाचा शेवटपर्यंत हिशेब ठेवावा लागतो, हे भान त्यातूनच येईल.