सोनेरी पेटीतले गुपित

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगत आल्या. सतराव्या शतकात विलायतेतही स्थिती निराळी नव्हती. बाई अडली की सुईणीचे हात टेकत आणि शल्यवैद्याला बोलावणे जाई. त्याच्याजवळ लोखंडी आकडे असत. त्यांनी आई वाचली तर वाचे, मूल मात्र हाती लागत नसे.

अशा काळी लंडनमध्ये चेंबरलेन नावाचे वैद्यांचे घराणे होते. फ्रान्समधल्या धर्मछळापायी विल्यम चेंबरलेन १५६९ साली इंग्लंडात आला. गंमत अशी, की त्याच्या दोन मुलांचे नाव एकच, पीटर! त्यातल्या थोरल्याने तो प्रसिद्ध चिमटा घडविला, असे मानतात.

खुबी होती ती त्याच्या सुट्या पात्यांत. पाते पळीसारखे वळविलेले, मध्ये पोकळ खिडकी, म्हणजे बाळाच्या डोक्यावर नीट बसावे. एक पाते एका बाजूने सरकवायचे, दुसरे दुसऱ्या बाजूने. मग दोन्ही जोडून जिवंत मूल अलगद बाहेर घ्यायचे. किती साधी युक्ती!

पण ती घराण्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा निश्चय. सांगतात, की सोनेरी नक्षीची भली मोठी पेटी दोघे जण उचलून आणीत. नातलगांना बाहेर काढीत, बाळंतिणीचेही डोळे बांधीत. शंभरांहून अधिक वर्षे हे चालले. १६७० साली ह्यू चेंबरलेन गुपित विकायला पॅरिसला गेला. मोरिसो या नामांकित वैद्याने, कटिभाग विकृत असलेली एक अडलेली बाई त्याच्यापुढे परीक्षेसाठी ठेवली. तीन तास खटपट झाली. यश आले नाही, बाई दगावली. सौदा मोडला.

पुढे १७३३ साली एडमंड चॅपमनने चिमट्याचे वर्णन छापले आणि विद्या मोकळी झाली. विल्यम स्मेलीने पात्यांचा सांधा सुधारला. लोखंडाच्या खणखणाटाने बाई भिऊ नये म्हणून त्यांवर कातडे चढविले. आजच्या इस्पितळांतला चिमटा त्याच वंशातला. मूळचे चिमटे १८१३ साली सापडले, एसेक्समधल्या चेंबरलेनांच्या जुन्या वाड्यात, फळ्यांखाली दडविलेले.

मी शाळेत इतिहास शिकविते. लढायांत पडलेल्यांचे आकडे मुलांकडून पाठ करून घेते. त्या बंद पेटीपायी किती आया आणि बाळे गेली, त्यांची मोजदाद मात्र कुठल्याच बखरीत नाही.