कन्हानकाठचे कवेलू

कौलाला नागपूरकडे ‘कवेलू’ म्हणतात. कामठीलगतच्या कन्हानसारख्या नदीकाठच्या गावांत ते घडविणे हा कुंभाराच्या सबंध घराचा उद्योग असे. चिखल मळणे, चाकावर निमुळती नळी काढून ती उभी चिरणे, अर्धी कवेलू सुकविणे, आव्यात भाजणे. भांडवल म्हणजे घरचीच माणसे. माल मात्र नाजूक. वानरे नाचली की फुटे, आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर फेरावे लागे. (गिऱ्हाईक त्यामुळेच टिकले, हेही खरे.)

दूर मंगळुरास १८६५ साली बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी साच्यात दाबलेली, एकमेकांत अडकणारी कौले काढली. हे मिशन प्रॉटेस्टंट. पण तीनच वर्षांनी, १८६८ मध्ये, तेथील अल्बुकर्क या कॅथलिक कुटुंबाने स्वतःचा कारखाना उभारला.

यंत्राने कुंभाराला हरविले, असे सरसकट म्हणणे आम्हांस पटत नाही. मंगळूरकरांपाशी दाबयंत्राची ऐपत होती, माल दूरदेशी नेणारे बंदर होते. कन्हानकाठच्या कुंभारापाशी होते चाक, आणि बैलगाडीच्या टप्प्यातले गिऱ्हाईक. पुढे सिमेंटचे पत्रे व स्लॅब आले, तेव्हा मंगळूरचेही बहुतेक कारखाने बंद पडले.